आढ्याची दोरी

झाड निवडताना मी आधी वर बघते.
वाळून अडकलेली फांदी असेल, तर ते झाड सोडायचं.
इकडे वेस्ट व्हर्जिनियात अशा फांदीला
सगळे 'विधवा करणारी' म्हणतात.
"म्हणजे ती तुलाच शोधावी लागणार,"
होलिस दरवेळी म्हणतो, दरवेळी हसतो.

तो ओंडक्यावर. थर्मासचं टोपण गुडघ्यावर.
एकतीस वर्षं त्यानं कोळशाच्या खाणीत
छताला बोल्ट मारले.
आता उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत,
आणि बाकीची उघडत नाहीत, निदान सकाळी तरी.
जमिनीवर झोपला तर उठवायला माणसं लागतात.
म्हणून झोळ्या, दुमजली: खाली तो, वर मी.

पूर्वी गाठी तोच मारायचा.
सुरगाठ, एका ओढीत सुटणारी.
दोन वर्षांमागे एका संध्याकाळी ती सुटेना.
त्यानं चाकू काढला.
चाकूही उघडेना.

त्या हिवाळ्यात मी दोऱ्या कापून टाकल्या.
ट्रकवर सामान आवळतात तो पट्टा,
शिवणयंत्रावर, तीन सुया मोडून,
टोकाला बकल: ओढलं की आवळतं, उचललं की सैल.
तळहातानं जमतं. बोटं लागत नाहीत.
"गाठी विसरशील, वेल्मा," तो म्हणाला.
कॉफी पीत राहिला.

मापात मात्र मी चुकले.
नव्या पट्ट्यांवर झोळी जास्त ताणून बसते,
डोक्याकडे वीतभर, पायांकडे वीतभर
ताडपत्रीच्या बाहेर.
कोरड्या रात्री हे कळत नाही.
आज क्रॅनबेरी नदीपलीकडचा डोंगर पुसला गेला,
मग अलीकडची झाडं,
आणि मी स्प्रूस आणि बर्चच्या मधे
ताडपत्री इकडे ओढते, तिकडे ओढते,
आखूड पांघरूण ओढावं तशी.

"तिरपी टाक," तो ओंडक्यावरून.

चौकोनाचा कर्ण बाजूपेक्षा लांब.
हे मला सातवीतच शिकवलं होतं, फळ्यावर.
फळ्यावर पाऊस नव्हता.

आढ्याची दोरी झाडापासून झाडापर्यंत,
तिच्यावर ताडपत्रीचे दोन कोपरे, समोरासमोरचे,
आणि ते जागेवर धरायला
एक गाठ हवी, जी सरकवली तर सरकते
आणि ताण आला की धरून बसते.
तिला बकल नाही.
मी वळते. तो आधीच हात वर करून बसलाय.
हवेत, त्या न मिटणाऱ्या बोटांनी:
खालून, आतून, परत आतून,
"तिसरा वेढा. आता चपटा कर.
नाही, हा दुसऱ्या वेढ्यावर चढलाय. सोड."
मी सोडते. पाणी कोपरापर्यंत आलंय.
चौथ्यांदा ती धरते.
तो टोपणातली थंड कॉफी ओतून देतो.

उरलेले दोन कोपरे, दोन मेखा.
एक दगडावर वाकली, तिला शिव्या दिल्या.

पाणी पट्ट्यावरून चालत येतं, हे मला ठाऊक होतं.
एक थेंब वाट काढतो, मग सगळे त्याच वाटेनं.
माझी झोळी भिजली तर गळणार त्याच्यावर.
म्हणून माझ्या बुटांच्या नाड्या काढल्या,
बकलच्या अलीकडे बांधल्या, टोकं लोंबती.
पाणी तिथवर येतं, नाडीला लागतं,
खाली उतरतं. अडाणी असतं पाणी.
जवळचा उतार सोडून पुढे जात नाही.

मध्यरात्री पागोळ्या दोन्ही बाजूंनी.
खाली तो जागा आहे, मला कळतं;
छताखाली तो कधीच पटकन झोपला नाही.
खाणीत छत आधी बोलतं, मग पडतं,
लग्नाच्या पहिल्या वर्षीच त्यानं सांगितलं होतं,
आणि तेव्हापासून मीही ऐकत झोपते.

"काय म्हणतंय?" मी विचारते.

बराच वेळ काही नाही.
नाड्या टपटपतात.

"बाहेर पाऊस आहे म्हणतंय."
मग थोड्या वेळानं, खालून,
तळहातानं माझ्या झोळीला एक धक्का,
हलकाच,
जागेवर आहे का बघायला.