आडवी किल्ली

मारेगावच्या पुढं, जिनिंगच्या आवारात
गाठी बांधणारा प्रेस रात्री दीडला अडतो
आणि फोन वाजतो माझा, वर्ध्याला.
"मॅडम, तुडवणी वरच रायली जी. खाली येतच नाई."
गुलाब आत्राम. पॅनेलवरचा माणूस.
त्याच्यामागे रुई ओढणारा पंखा,
ज्याच्यापुढे कुणाचंच काही ऐकू येत नाही.

पूर्वी मी निघायचे.
एका टायमरचे चार सेकंद सहा करायला
शंभरावर किलोमीटर,
हिंगणघाटला चहा, वणीच्या अलीकडे पंक्चर,
आणि पोचेपर्यंत गुलाबनं
लाकडी दांड्यानं प्रेसची समजूत काढलेली असायची.

मग एका हंगामात
कुणीतरी पॅनेलच्या कोपऱ्यात
सिमकार्डाचा राउटर चिकटवला.
कंपनीला न विचारता.
पासवर्ड, गावाचा पिनकोड.
कुणीतरी म्हणजे मी.

सोपं झालं सगळं.
मांडीवर लॅपटॉप, पायांवर दुलई,
पडद्यावर शिडी, दांडीखाली दांडी,
हिरवी झाली की वीज पोचली.
नवऱ्याला जागही यायची नाही.

पौषातली एक रात्र.
मी आत गेले तर आत आधीच कोणी होतं.
बाण हलत होता
आणि माझा हात दुलईत होता.
मोटरीच्या चित्रापाशी जाऊन तो थांबला,
परका माणूस उंबऱ्याशी थांबून
घरातली भांडी मोजतो तसा.

मी गुलाबला फोन लावला.
अकरा वेळा.
बाराव्यांदा उचलला त्यानं.
"काऊन मॅडम? खांद्यावरी आत होतो ना,
पेटीत रुई फसली होती."

बाणानं त्या रात्री काही केलं नाही.
हे वाक्य मी अजून स्वतःला ऐकवते.

सकाळी कंपनीला कळवलं, माझ्या नावानिशी.
पुण्याहून सप्रे बोलले. फायरवॉल त्यांची.
"बाहेरून आत एकही दार उघडणार नाही."
त्यांचं बरोबर होतं. मला आवडले नाहीत.
चार महिने आम्ही एकमेकांना
'सादर नमस्कार' लिहून भांडलो.

शेवटी पॅनेलमध्ये एक राखाडी पेटी आली,
डाळीच्या डब्याएवढी.
तिला बाहेरून हाक मारता येत नाही.
तीच आतून निघते, ठरलेल्या एकाच घरी जाते,
जशी आई मला विरजण आणायला धाडायची.
दारातून बाहेर गेलेली पोर
वाटी घेऊन परत आली
तर तिला कोण अडवणार?
मी त्या वाटीतून आत जाते.
नाव सांगून, फोनवर आलेला आकडा सांगून,
आल्यागेल्याची नोंद सप्र्यांच्या वहीत ठेवून.

आणि तरीही एक मागणी मी धरून बसले.
दारावर किल्ली हवी. पितळी. हातानं फिरणारी.
उभी असेल तर यंत्र तिथल्या माणसाचं,
आडवी केली तरच माझं.
सप्रे म्हणाले, हे जरा जुनाट नाही का?
गुलाब म्हणाला,
"म्या फिरवीन तवाच ना? मंग ठीक हाये."
आणि किल्ली करदोड्याला बांधली.

आज दीड वाजता तोच प्रेस, तोच टायमर.
मी दारापर्यंत पोचलेली.
पडद्यावर लाल अक्षरं: परवानगी नाही.
"थांबजा मॅडम. आधी पोट्टे बाहेर काढतो."
मग त्याची चप्पल, मग पंखा बंद,
मग एकेक नाव घेऊन मारलेली हाक:
नामदेव. दिवाकर. अबे, तो नवा कुठी गेला?
नवा मुतायला गेला होता.
आम्ही सगळे त्याची वाट पाहिली,
मी, गुलाब, आणि वर अडकलेली
दोन टनांची तुडवणी.

आला.
खट.

चाराचे सहा केले. दांडी हिरवी झाली.
फोनमध्ये लोखंड रुईवर बसल्याचा
जाड, मऊ आवाज.

"झालं?"
"झालं."
खट.
पुन्हा लाल अक्षरं.
"इथी भल्ली थंडी हाये," गुलाब म्हणाला. "तिकडं?"
मी दुलईबाहेर पाय काढून पाहिला.
"इथंही," म्हटलं.