अंगठा

नदीच्या तळातून ओढून काढलेला ओंडका
थिर्झा पेंगेलीच्या शेडमध्ये चार हिवाळे
ओल्या पोत्याखाली पडून होता.
वर्षाला मिलिमीटरभर जाड होणारं झाड,
घाई कुणाला होती?

जुलैत मी ट्रायपॉड घेऊन गेलो तेव्हा
तो लेथवर फिरत होता, मधाच्या रंगाचा,
आणि हत्याराच्या धारेखालून
ओली, लांबच लांब साल सुटत होती,
फ्रँकलिनच्या बायका सफरचंद सोलतात तशी, न तुटता.
शेडभर वास. तिखटगोड, लवंगेच्या जरा अलीकडचा.
ती म्हणाली, "हा नाही मावायचा तुझ्या डब्यात."

मी शाळांमध्ये वर्गांचे फोटो काढणारा माणूस.
तिसऱ्या रांगेत कुणाचे डोळे मिटलेत
एवढंच बघायची सवय.
होबार्टच्या गॅलरीला सहा फोटो हवे होते:
राखाडी पाठ, मऊ सावली,
मोजपट्टी नको, माणूस नको.

तिने दिवे घालवले.
फिरत्या काठाच्या पलीकडे एक बारका बल्ब.
"तांबडा दिसला तर अजून जाड.
नारिंगी, जपून.
पिवळा झाला की हात काढून घ्यायचा."
तिचे हात चहाचा कप धरतानाही थरथरतात.
हत्यार टेकलं की थांबतात.
कंप कुठे जातो, मी विचारलं नाही.
नारिंगी. नारिंगी.
मग लाकडातून सकाळ झाली.

खिडकीला चादर बांधली, टेबलावर कागद वाकवला.
एकेचाळीस वेळा बटण दाबलं.
दर तासाला ते पात्र थोडं वेगळं होतं;
ओलं लाकूड सुकताना
आपल्या मनाप्रमाणे कलतं,
एक कड खाली, एक ओठ बाहेर,
ऐकायला वाकल्यासारखं.
"हलू दे," ती म्हणाली, "मी नुसती सुरुवात केलीय."
आणि बाजू फिरवायला मध्येच हात घातला.

पहाटे फोन आला.
रात्री टक्‌ असा आवाज, सरळ दोन तुकडे.
"शेगडीत घातलं. किटली लवकर उकळली,"
ती सांगत होती, आणि हसत होती,
आणि मग थोडा वेळ काहीच बोलली नाही.

गॅलरीने पाच फोटो ठेवून घेतले.
सहाव्याबद्दल चिठ्ठी: अंगठा कापून पाठवा.
थिर्झा म्हणाली, "काप की, त्यात काय!"
नख नसलेला अंगठा,
करवतीने कधीतरी घेतलेलं ते नख.

मी कापला नाही.
खऱ्या मापात छापून घेतला,
भिंगाखाली धरून मोजलं:
अंगठ्याच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत
झाडाची एकतीस वर्तुळं.
नंतर, कुणी बघत नाही असं पाहून,
तिथेच माझा अंगठा ठेवला.

अठ्ठावीस भरली.