कळ

खरसुंडीच्या बाजारात अब्बा बैल पाडायचे.
दोराचा एक फास, शेपटीकडून एक हिसका,
आणि ताडमाड खिलार धुळीत आडवा,
चारी पाय एका गाठीत.
मी आठ वर्षांची. माझं काम खिळे देण्याचं.
तोंडात धरू नकोस, असं ते
ओठांत चार खिळे धरून सांगायचे.

पहिला घाव पडला की मी डोळे मिटायची.
बैल मिटायचा नाही.
पडल्याचा राग त्याच्या नाकात फुरफुरायचा,
खिळ्याचा नाही.
"नख आहे ते. तुझी नखं कापली की तू रडतेस?"
रडायची मी. अम्मी फार आतून कापायची.
"हां. ती जिव्हाळी.
बाहेरचं खूर म्हंजे वाळकं लाकूड. आत जिव्हाळी.
दोन्हींच्या मधी पांढरी रेष, काडीएवढी.
खिळा रेषेच्या अलीकडं राहिला तर लोखंडाचा.
पलीकडं गेला तर बैलाचा."

चाळीस वर्षं पत्र्या मारल्या दस्तगीर नालबंदनं,
आणि पलीकडं गेलेले खिळे
त्याला मोजून आठवतात. तीन.
एक करगणीचा, एक झऱ्याचा,
तिसऱ्याचं गाव सांगत नाहीत.

मी मिरजेला नर्स झाले.
तिथं एकदा जतचा एक माणूस, कवटी उघडी,
जागा, आपल्या भावांची नावं सांगत होता:
संगाप्पा, मलकारी, धाकटा बिराप्पा.
डॉक्टर आत काम करत होते,
आणि तो विचारत होता, दुपारची एसटी मिळेल का.
मेंदूला दुखत नाही.
साऱ्या अंगाची गाऱ्हाणी तिथंच नोंदवली जातात
आणि त्याचं स्वतःचं एकही नाही.
गावभरचे बांध लिहिणारा तलाठी,
नावावर गुंठाभर जमीन नसलेला.

(तासगावच्या बागांत छाटणीनंतर
काडीच्या कापातून पाणी ठिबकतं.
बागवाले म्हणतात, वेल रडतीय.
मी बोट लावून चाखलंय ते. खारट नाही.)

अब्बांची साखर पंधरा वर्षांची.
गेल्या पौषात ते शेवटचे बाजारात गेले, मी नको म्हणत असताना.
एक बैल झाला, उठवला, पैसे घेतले,
आणि धुळीत रक्त दिसलं.
त्यांनी मालकाला थांबवलं.
बैल पुन्हा पाडला.
चारी खुरं पाण्यानं धुतली, एकेक खिळा अंगठ्यानं दाबला,
बैलाच्या डोळ्यात बघत, आता दचकेल, आता.
नाही दचकला.
मालक म्हणाला, राहू द्या चाचा, कुठं काय झालंय.
अब्बांनी पैसे परत केले.
बैलाच्या कपाळाला हात लावून माफी मागितली.
चौथा, ते वाटेत स्वतःशी म्हणाले.

घरी मी चप्पल काढली.
वाकडा झालेला, फेकून दिलेला खिळा
तळ आणि टाच पार करून आत.
त्यावर ते स्टँडपर्यंत चालले होते,
विट्याला उतरून चहा प्यायले होते,
बैलाची काळजी करत.

मी खिळा उपसला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन पाहिला
आणि त्यांचा चेहरा उजळला.
"म्हंजे बैलाला नव्हता लागला."

आता दर महिन्याला मी त्यांचे पाय तपासते.
नायलॉनचा एक दोरा, ब्रशाच्या केसाएवढा,
वाकेपर्यंत कातडीला टेकवायचा.
डोळे मिटा, अब्बा. कळलं की हो म्हणा.
कळ आणि कळणं, आपल्या भाषेनं
एकाच घरात ठेवलेली दोन भावंडं;
एक निघून गेलं की दुसरं दारात बसून राहतं.
अंगठ्याला टेकवला. हो.
टाचेला. हो.
मग मला बांगड्यांचा आवाज ऐकू आला, माझ्याच.

बांगड्या उतरवून ठेवल्या.
दोरा हवेतच धरला, श्वास रोखून.
बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी पाण्याची मोटार चालू केली.

"हो," अब्बा म्हणाले. "कळलं."