मोरी हुंगते तेव्हा

मोरी म्हणजे न्हाणीतली नव्हे, समुद्रातली.
पिल्लू होती तेव्हा लिलावाच्या पाट्यांखालून
मोरी माशाचं डोकं ओढत आणलं तिनं,
स्वतःहून मोठं.
तेव्हापासून निवतीच्या बंदरावर तिला हेच नाव.

गेल्या तापात माझं नाक गेलं.
म्हणजे जागेवर आहे, चमकीसकट,
पण आत कुणी राहत नाही.
सार म्हणजे गरम आंबट पाणी.
सुरंगीचा वळेसर आणि अबोलीचा
आता एकाच भावाचे.
आणि सुकं विकणारीला नाक नसणं
म्हणजे सोनाराची कसोटी विहिरीत पडणं.
डॉक्टर म्हणाले, येईल परत.
भरतीचं सांगतात तसं सांगितलं. वेळ नाही सांगितली.

म्हणून पहाटे वाळवणाकडे जाताना
मी तिच्या मागून चालते
आणि बघते. बघण्यापुरती तरी आहे मी.

धापा वेगळ्या. त्या जीभ लोंबवून, उन्हासाठी.
हुंगायचं झालं की तोंड मिटतं,
शेपूटसुद्धा थांबते,
आणि नाकपुड्या शिवणयंत्रासारख्या चालू लागतात,
टिपटिपटिपटिप,
वाळूला बारीक टाके घालत.
मग एकदम फुर्रर्र.
पाटी पुसली.
पुन्हा पहिल्यापासून.

एकदा चुलीच्या गार राखेत नाक घातलं तिनं
तेव्हा दिसलं मला:
नाकपुडीच्या कडेला एक चीर आहे,
स्वल्पविरामाएवढी.
सोडलेला श्वास तिथून बाजूला जातो.
राखेचे दोन पिसारे डावी-उजवीकडे उडाले
आणि समोरची राख होती तिथेच,
वाचायला उघडी.
आत येणाऱ्याला बाहेर जाणाऱ्याचा धक्का नाही.
आमच्या धक्क्यावर होड्यांना कुणी हे शिकवेल तर
रोजची अर्धी भांडणं मिटतील.

मतलई सुटलेली असते तोवर
सगळा गाव तिच्या पाठीकडून येतो.
मागे न वळता
एक कान हलवून ती कुणाला तरी ओळखते.
दहाच्या सुमाराला वारा फिरतो,
मग ती समुद्राकडे नाक करून बसते,
ओलं, जिभेनं पुन्हा पुन्हा ओलं केलेलं,
आणि होडी दिसायच्या आधी उठते.

खांबाशी ती फार वेळ थांबते.
मला वाटतं, तिच्यासाठी काल गेलेला नसतो,
नुसता पातळ झालेला असतो.
परवा अजून पातळ.
हे मी ठरवलंय. ती काही सांगत नाही.

टोपल्या मांडते मी तिच्यापुढे.
गोलमा, ठीक. पुढे.
बांगडे, ठीक.
तिसऱ्या टोपलीशी ती अडते,
डावी नाकपुडी, उजवी नाकपुडी,
खोल, आणखी खोल,
मग माझ्याकडे न बघता चालू लागते.
मी तळाशी हात घालते. तळ ओला.
ती टोपली माडांना.

मालवणचे मकबूलशेठ हसले होते,
"गो बाय, कुत्र्याक इचारून माल इकतंस?"
पुढच्या खेपेला
दुसरीकडून घेतलेलं पोतं टेम्पोतून उतरवून
मोरीसमोर ठेवलं त्यांनी,
आणि टोपी काढून हातात धरून उभे राहिले,
जसं शाळेत निकालाला.
नापास.

रात्री पडवीत ती माझ्याजवळ येते.
आधी पाय. मग पदर. मग तळहात,
तिथे फार वेळ.
मिठात तीस वर्षं गेलेला हात,
त्याला माझा म्हणून काही वास उरलाय का,
मला सात महिने माहीत नाही.
साबण कुठला लावते तेही
रंगावरून ओळखते.
टिपटिपटिपटिप.
काय गं, आहे का मी?

ती कामात असते. मान वर करत नाही.
माझ्या मनगटाच्या दोन्ही अंगांना
दोन गरम झुळका लागतात,
एक इकडून, एक तिकडून.
तेवढ्या मात्र मला कळतात.