निळं शून्य

लाइट गेली की जरूडमधले सगळे कॉम्प्युटर मरतात.
माझा चालूच असतो. त्याचा पडदा मी कायमचा बंद ठेवलाय,
बॅटरी तेवढीच दीड-दोन तास जास्त पुरते.
आई दारातून विचारते, झोपली काय वं?
मी म्हणते, नाही, हिशेब लावून रायली.
कानात तो पत्र्याच्या आवाजाचा माणूस
इतक्या घाईने वाचत असतो
की तिला वाटतं, डबीत भुंगा अडकलाय.
त्याला ळ येत नाही. फळाला फल म्हणतो, माळ्याला माल्या.
सुधारायचं राहूनच गेलं.
मावशी म्हणते, नवऱ्याचंही असंच असते बाई.

बाबा संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकायचे.
पेटीला चोवीस खिळे.
मी बाजूला भुशावर बसून ऐकायची,
आणि तेविसावर हात थांबला की ओरडायची,
बाबा, एक राह्यला!
पुढे प्लॅस्टिकचे क्रेट आले, हातोडी माळ्यावर गेली.
नागपूरच्या शाळेत सर म्हणाले, तुला चूक बरी सापडते गं,
तेव्हा मला भुशाचा वास आला.

बँकेतले साहेब भले होते. पाणी विचारलं.
मग माझ्याऐवजी भावाला विचारलं,
हे जे बनवतात, ते बघून कोण देणार?
भाऊ म्हणाला, तिलेच विचारा ना.
मी म्हटलं, बघायचं काम गिऱ्हाइकाचं.
ते हसले. कागद ठेवून घेतले.
पुढच्या सोमवारी या.
असे सात सोमवार झाले. आठव्याला मी गेले नाही,
त्या आठवड्यात माझी भिशी लागली होती.

खेरडेभाऊंच्या शेडवर तेव्हा तीन वह्या होत्या
आणि तिन्ही वेगवेगळं बोलत.
कोणत्या ट्रकमध्ये किती क्रेट, कोणाचा माल, मोठा का बारका,
हे सगळं मी एका पडद्यावर आणलं,
जो मी पाहिला नाही.
भाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
बटनाचा रंग कोनं सांगतला तुले?
कोनं म्हंजे? आकड्यांनी.
लाल दोनशे पंचावन्न, हिरवा एकशे चाळीस, निळा शून्य.
अस्सल आंबिया हाय हा, ते म्हणाले,
तोडाले आलेला.
मला संत्रं माहीत आहे ते सालीच्या चिरकांडीचं, डोळ्यात उडून चुरचुरणारं,
देठाशी ओल्या मातीचं.
पण त्यात निळं शून्य असतं
हे तुम्हाला ठाऊक होतं का?
जन्मभर संत्र्यात राहून भाऊंनाही नव्हतं.

डिसेंबरात रात्री अडीचला फोन.
अकरा क्रेट गायब हायेत तुह्या मशीनीत!
शेड थंडीने आखडलेली, हमाल शेकोटीला,
ड्रायव्हर चावी वाजवत उभा.
मी खोक्यावर बसले, भुंगा कानात सोडला,
ओळ ओळ उतरत गेले.
गाडी भरताना रात्रीचे बारा वाजले, तारीख बदलली,
आणि उरलेले अकरा क्रेट
माझ्या प्रोग्रामने उद्यात टाकले होते.
चूक माझीच. तेविसावर थांबलेला हात माझा.
तसंच सांगितलं. इतक्या लोकांत सांगताना
कान गरम झाले.
कोणी काही बोललं नाही. शेकोटीत काटकी तडकली.
साडेतीनला ट्रक दिल्लीकडे निघाला.

सकाळी अंगणात धप्प आवाज, भरलेल्या क्रेटचा.
बावीस किलो, उचलून पाहिलं.
आई म्हणाली, मानूस दिलदार हाय हो.

महिन्याच्या शेवटी बिलाचे पैसे आले.
पत्र्याच्या माणसाने चिठ्ठी वाचली, त्याच्या त्या सुरात, न थांबता:
प्रोग्राम भाडे नोव्हेंबर डिसेंबर.
वजा एक क्रेट संत्रा, मोठा माल.
मी त्याला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.
मग आणखी एकदा.
भाव बाजाराचाच लावला होता.