मक्याचं पीठ

कुताइसीत मार्च म्हणजे चिखल,
आणि संस्कृती भवनाच्या दुसऱ्या मजल्यावर
गॅसची एक शेगडी, सोळा मुली.
मी हात शिकवते, मान शिकवते,
पायघोळ झग्याखाली पाय लपवायला शिकवते.
आमच्या नाचात बाई चालत नाही,
मेजावरून कुणी भरला पेला सरकवावा
तशी जाते, थेंब न सांडता.

इया तिसऱ्या रांगेत.
तिचे डोळे आरशात, पण स्वतःवर नाहीत,
नेस्तानच्या खांद्यावर.
नेस्तानची मान उंच, वेणी गुडघ्यापर्यंत,
आणि खरी, बाकीच्यांसारखी लोकरीची जोडलेली नाही.
इया दर वेळी अर्धा ठेका उशिरा,
कारण आधी बघायचं, मग करायचं.
उसनं पाऊल आपल्यापर्यंत पोचेतो शिळं होतं,
मी तिला म्हटलं. तिनं मान डोलावली
आणि नेस्तानकडं पाहिलं,
मान नीट डोलावली का ते बघायला.

बोलून काय होतं.
मलाही सांगितलं होतं माझ्या बाईंनी,
अठ्ठ्याऐंशी साली, दौऱ्याच्या यादीत
माझ्या जागी मझेकालाचं नाव लागलं तेव्हा:
तू तुझं नाच, लामारा.
मी तीस वर्षं तिचंच नाचले.
परवा बाजारात दिसली, चीज घेत होती,
आणि मी, साठीला टेकलेली बाई,
डोळ्यांनी तिच्या कमरेचं माप घेतलं.
मापात पाप म्हणतात ते काही वाण्यापुरतं नाही.

तर गुरुवारी घरून चार किलो मक्याचं पीठ नेलं.
पोरींना वाटलं, भाकरी थापणार.
खिडकीपासून दारापर्यंत चाळणीनं भुरभुरलं.
डोलीवाल्या बोंदोला म्हटलं, हळू वाजव.
झग्याची कड बोटभर वर खोचून
एकेकीनं या टोकाहून त्या टोकाला जायचं,
बाकीच्यांनी भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून थांबायचं.

मग म्हटलं, बघा.
सगळ्या ओणव्या झाल्या.
पाखरं चरून गेल्यासारखी फरशी.
जुळ्या बहिणींच्या रेघासुद्धा एकमेकींच्या नव्हत्या.
नेस्तानची पावलं एकतीस, डावं जरासं फरफटलेलं.
लहानपणी घोटा मोडला होता, ती म्हणाली.
कुणालाच ठाऊक नव्हतं.
सहा वर्षं शिकवून मलाही.
इयाची चव्वेचाळीस,
बारीक, दाट, उसवलेलं शिवावं तशा टाक्यांची.
आणि वरून दोघी सारख्याच सरकल्या होत्या,
मी पाहिलं होतं.

"चव्वेचाळीस?" नेस्तान म्हणाली. "दमत नाहीस?"
मग पिठाकडं बघतच,
"आरशात मी तुझे हात बघते.
तुझी बोटं कधी घाई करत नाहीत."
इया लाल झाली. खरं वाटलं नसावं तिला.
मी गप्प राहिले.
असल्या वेळी शिक्षकानं मध्ये पाय घालू नये,
विशेषतः खाली पीठ असताना.

तेवढ्यात त्सिआला आली झाडू घेऊन
आणि तिनं आमच्या सात पिढ्या उद्धरल्या.
नव्वदच्या थंडीत एवढ्याशा पिठासाठी
रात्रभर रांगेत उभी होते मी, म्हणाली.
बरोबर होतं तिचं. मी नजर वळवली.
वरवरचं गोळा करून
कोंबड्यांना नेलं तिनं.

हे काही औषध नव्हे.
सोमवारी इया पुन्हा आरशात बघत होती.
फक्त ओठ हलत होते.
वाटलं, प्रार्थना असेल. जवळ गेले तर
एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.
नेस्तान केव्हाच कोपऱ्यात पोचली होती.
ही मोजत राहिली.

घरी जाताना पुलावर मीही मोजायला घेतली माझी.
मध्यावर समोरून कुणी तरुण पोर झपाझप आली,
तिची टाच बघता बघता आकडा चुकला.
कठड्याला हात टेकून जरा थांबले, गुडघा दुखतो.
मग पुन्हा
एकपासून.