रस्त्यावरचं पहिलं घर

महापे, तिसरा मजला, रात्री पावणेदोन.
लॉग म्हणतो: क्लास सापडला,
पण त्यात ती मेथड नाही.
नाही कशी?
मी स्वतः जार उघडून पाहिली आहे,
मेथड तिथेच आहे,
पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी हात वर करून.
लॅपटॉपवर हाक मारली की ओ देते.
सर्व्हरवर नाही.

बिपिन कासकर फोनवर विचारतो, रीस्टार्ट केलंस?
तीनदा.
वर्क फोल्डर साफ केलंस?
तेही.
मग तो जांभई देतो,
आणि जांभईवर माझ्याकडे उत्तर नसतं.

शेवटी सर्व्हरला एकच अट घालून उठवते:
जो जो क्लास उचलशील,
तो कुठून उचललास ते सांगत जा.
तो सांगत सुटतो. बारा हजार ओळी.
मी त्यात एक नाव शोधते.

सापडतं.
नाव तेच, स्पेलिंग तेच,
पत्ता माझा नाही.
माझी जार माझ्या ॲप्लिकेशनच्या पोटात,
आणि ही दुसरी, सर्व्हरच्या सामाईक लिबमध्ये,
आठ वर्षांची,
धूळ बसत नाही म्हणून जुनी न दिसणारी.
कॉन्फिगमध्ये कुणी लिहून ठेवलंय,
आधी थोरल्याकडे विचार.
तिथे नाव जुळलं
की हा पुढे बघतच नाही.

हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं.
रबाळे गावात माझे वडील जोमा मढवी,
आणि खाडीकडे उतरताना रस्त्यावरचं पहिलं घर,
तेही जोमा मढवी.
केमिकल कंपनीचं बोलावणं आलं,
पोस्टमनने नाव वाचलं, पहिल्या घरात टाकलं.
पहिला जोमा इस्त्रीचा शर्ट घालून गेला.
फाटकावर नाव जुळलं.
तीन दिवस गेट, कँटीन, सही, सगळं सुरळीत.
चौथ्या दिवशी बॉयलरपाशी नेऊन म्हणाले, व्हॉल्व्ह उघड.
तो म्हणाला,
"जोमा मीच हाय साहेब,
पन बॉयलरचा जोमा दुसरा."

खोटं कुणीच बोललं नव्हतं.
पत्र आमच्या घरी पोचलं
तोवर जागा भरली होती.
गावात हा किस्सा हसून सांगतात.
आई हसत नाही.

दोन पस्तीसला मी जुनी जार काढून टाकते.
माझं ॲप्लिकेशन उठतं
आणि शेजारचं कोसळतं,
तुर्भ्याच्या बाजारात
कांद्याच्या गाड्यांचे गेटपास छापणारं.
फोन येतो: मॅडम, चाळीस गाड्या उभ्या आहेत.
जार परत जागेवर.

तिच्या नोंदीत एक ओळ आहे:
"तात्पुरतं. नंतर काढणे. सुधन्वा केणी."
शिवी अगदी ओठांवर येते.
मग वाटतं, त्या रात्री त्यालाही
कुणीतरी गाड्या मोजून दाखवत असेल.

साडेतीन.
जुनी जार उचलते
आणि गेटपासच्याच घरात नेऊन ठेवते.
सामाईक खोली रिकामी.
दोन्ही ॲप्लिकेशनं उठवते.
दोघंही ओ देतात,
एकाच नावाला, आपापल्या आवाजात.

बदलाच्या नोंदीत कारण लिहावं लागतं.
लिहिते: नाव सारखं, घर वेगळं.
बिपिन सकाळी विचारेल, म्हणजे काय?

आमच्या दारावर
वडिलांनी नंतर पाटी लावून घेतली,
अजून आहे, रंग उडालेली:
जोमा गणा मढवी, बॉयलरवाले.
सर्टिफिकेट कपाटात.
बॉयलरवर मात्र ते
एक दिवससुद्धा गेले नाहीत.